फॉल्स स्टार्ट, होल्डिंग आणि लाइन कोचची नोकरी

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अमेरिकेत एमएस करते, तिच्या नादानं घरातले सगळे शनिवारी रात्री जागून तिच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल बघायला लागलेत. संघाला दर सामन्यात दहा-बारा पेनल्ट्या बसतात, त्यातल्या बऱ्याचशा ऑफेन्सिव्ह लाइनच्या नावावर, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांच्या: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडांना टॅकल. त्यांच्यामागे उभा राहून बॉल फेकणारा क्वार्टरबॅक सारखा आडवा होतो. चाहत्यांत तीन तट पडलेत: लाइन कोचला हाकला म्हणणारे, पोरंच कच्ची आहेत म्हणणारे, आणि रेफरी आपल्या वाइटावर आहेत म्हणणारे. यांच्यात बरोबर कोण?

तिन्ही तट एकाच आकड्यावरून भांडतायत आणि तो आकडा फारसा कामाचा नाही. सामन्यानंतरच्या तक्त्यात ‘पेनल्ट्या ११, यार्ड ९०’ असं येतं. त्यात फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधी, म्हणजे सेंटरनं बॉल मागे देण्याआधी हलणं) आणि होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवणं) एकत्र मोजलेले असतात, डिफेन्सच्या चुकाही त्यातच. शिवाय समोरच्या संघानं नाकारलेल्या पेनल्ट्या तिथं धरतच नाहीत. टॅकलनं होल्डिंग केलं, तरीही सॅक झाला (क्वार्टरबॅक बॉलसकट पाडला गेला) आणि समोरच्यांनी सॅकच ठेवून घेतला, तर ते होल्डिंग तक्त्यातून गायब. म्हणून सामन्याची फिल्म बघताना मी पहिल्यांदा झेंड्यांची (पेनल्टीसाठी पंच टाकतात त्यांची) वाटणी करतो. स्नॅपच्या आधी पडलेले एका पानावर, नंतर पडलेले दुसऱ्या. दोन्हींची कारणं वेगळी, इलाज वेगळे आणि बहुतेकदा दोषी माणूसही वेगळा.

आधी पहिलं पान. फॉल्स स्टार्ट म्हणजे खो-खोत बसलेला खेळाडू खो मिळण्याआधी उठणं, तसंच. आतल्या लाइनमननं एकदा हात जमिनीवर टेकला की स्नॅपपर्यंत तो हलवायचा नाही. उभ्या पवित्र्यातल्या टॅकलला थोडी मोकळीक असते. तो बोट दाखवू शकतो, मान वळवू शकतो, पण स्नॅप झाल्याचा भास होईल असा झटका बसला की झेंडा. प्ले तिथंच थांबतो आणि ५ यार्ड मागे. एक अपवाद लक्षात ठेवा: डिफेन्सचा खेळाडू आधी न्यूट्रल झोनमध्ये (दोन्ही लाइनींमधल्या बॉलएवढ्या पट्टीत) घुसला आणि त्याच्या समोरचा लाइनमन दचकून लगेच हलला, तर पेनल्टी डिफेन्सला. टीव्हीवर लाइनमन हललेला दिसतो म्हणून लोक ओरडतात, पण आधी कोण हललं ते पाहावं लागतं.

५ यार्डांचं एवढं काय, असं वाटेल. पण पहिल्या डाउनला (चार प्रयत्नांतल्या पहिल्याला) १० ऐवजी १५ यार्ड हवे झाले की बॉल घेऊन पळायचे प्ले बाजूला पडतात. पास येणार हे समोरच्याला कळतं आणि त्यांचे कडेचे गडी मागचापुढचा विचार न करता क्वार्टरबॅकवर सुटतात. म्हणजे आत्ताचा फॉल्स स्टार्ट दोन प्लेनंतरच्या होल्डिंगची किंवा सॅकची तयारी करून ठेवतो.

हे का घडतं, याचं सगळ्यात ठळक उत्तर म्हणजे आवाज. अलाबामा विद्यापीठाच्या संघाचा २०२२चा मोसम बघा. १० सप्टेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सासविरुद्ध १५ पेनल्ट्या, १०० यार्ड. सामना २०-१९ असा कसाबसा वाचला. १५ ऑक्टोबरला नॉक्सव्हिलमध्ये टेनेसीविरुद्ध १७ पेनल्ट्या, १३० यार्ड, अलाबामाच्या इतिहासातला उच्चांक. सामना ५२-४९ असा गेला. सगळ्या पेनल्ट्या लाइनच्या नव्हत्या हे कबूल. पण निक सेबनसारखा कोच, देशभरातून निवडून आणलेली पोरं, आणि तरीही हे दोन्ही दिवस परगावी, लाखभर लोकांच्या कल्लोळात आले. शिस्त कमी पडली असं म्हणणं सोपं असतं. शिस्त कुठं कमी पडली, हे बघायला सायलेंट काउंट, म्हणजे आवाजाशिवाय स्नॅप मागायची रीत, समजून घ्यावा लागतो.

घरच्या मैदानावर क्वार्टरबॅक ओरडून किंवा टाळी वाजवून स्नॅप मागतो. परक्या मैदानात ते ऐकूच येत नाही. मग रीत अशी: सेंटर खाली मान घालून समोरच्यांवर लक्ष ठेवतो. एक गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे बघतो. क्वार्टरबॅक पाय उचलतो. गार्ड सेंटरला थाप मारतो. सेंटर ठरलेला एक ठोका मोजतो आणि बॉल मागे देतो. दोन्ही टॅकल यात नाहीतच, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बॉल हललेला बघून निघतात. म्हणजे त्यांना स्नॅप सगळ्यात उशिरा कळतो आणि समोर असतो विरुद्ध संघातला सगळ्यात चपळ डिफेन्सिव्ह एंड, कडेनं धावून येणारा. तोही बॉलच बघत असतो. थाप आणि स्नॅप यांतलं अंतर प्रत्येक वेळी सारखंच असेल, तर दुसऱ्या क्वार्टरपर्यंत ते त्याच्या अंगात बसतं. तो बॉलबरोबरच उडतो, एकदा-दोनदा टॅकलला मागे टाकतो. मग टॅकल धास्तावून अर्धा क्षण आधी निघतो आणि झेंडा पडतो. रेफरी टॅकलचा नंबर पुकारतो आणि चाहते टॅकलला शिव्या घालतात. खरी चूक आठवडाभर एकच ठोका घोटून घेणाऱ्याची असते.

इलाज ठाऊक असलेलाच आहे. थापेनंतर कधी एक ठोका, कधी दोन. कधी दोन थापा आणि दुसऱ्यावर स्नॅप. सामन्यात तीन-चारदा नुसतं थबकायचं, स्नॅप द्यायचाच नाही, म्हणजे समोरचा उडी मारून फसतो आणि पुढं सावध राहतो. हे सगळं मंगळवार-बुधवारच्या सरावात कर्ण्यांवर गोंगाट लावून करावं लागतं, तेही पहिल्या फळीच्या डिफेन्ससमोर. राखीव पोरांसमोर केलेला सराव शनिवारी उपयोगी पडत नाही, कारण राखीव एंड तेवढ्या वेगानं येतच नाही.

२०२४पासून कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या विभागात क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, मग आता कशाला अडचण, असं कुणी म्हणेल. तो आवाज ऑफेन्सच्या एकाच खेळाडूला ऐकू येतो आणि प्ले-क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद होतो. लाइनपर्यंत काहीच पोचत नाही. २०२५मध्ये टाळी हा इशारा फक्त ऑफेन्सचा आणि ‘मूव्ह’, ‘स्टेम’ हे शब्द फक्त डिफेन्सचे, असा नियम झाला. त्यानं फसवाफसवी कमी होते, मैदानातला आवाज कमी होत नाही.

तर पहिल्या पानावर हे तपासा: फॉल्स स्टार्ट घरी होतात की परगावी? एकाच खेळाडूचे आहेत की पाचांत वाटलेले? परगावी आणि टॅकलचेच असतील तर काउंटचा घोळ. एकट्याच पोराचे असतील तर त्याच्या पायांना समोरचा वेग झेपत नाहीये आणि तो आधी निघून भरपाई करतोय. घरच्या मैदानावर, शांततेत, पाचही जण आळीपाळीनं हलत असतील आणि नोव्हेंबर उजाडला तरी थांबत नसेल, तर मात्र कोचकडे बोट दाखवायला हरकत नाही.

त्याच पानावरचे बाकीचे दोन प्रकार पटकन सांगतो, एक तर खरं म्हणजे स्नॅपनंतरचा आहे. चुकीची रचना: लाइनवर असलेल्या खेळाडूचं डोकं सेंटरच्या कमरेच्या रेषेपर्यंत पोचलं पाहिजे. वेगवान एंडच्या धाकानं टॅकल जरा मागं सरकून उभा राहतो, ५ यार्ड. दुसरा, लाइनमन पुढे निघून जाणं. कॉलेजात न्यूट्रल झोनपलीकडे जाणारा पास हातातून सुटेपर्यंत लाइनमनला त्या झोनच्या ३ यार्डांपलीकडे जाता येत नाही (व्यावसायिक फुटबॉलमध्ये १ यार्ड). आजकाल सगळे संघ असे प्ले खेळतात ज्यात पळायचं की फेकायचं ते क्वार्टरबॅक स्नॅपनंतर ठरवतो. लाइन मात्र पळण्याच्या प्लेसारखीच पुढे ढकलत जाते, तिला तेच सांगितलेलं असतं. क्वार्टरबॅकनं निर्णयाला उशीर केला की गार्ड चौथ्या यार्डावर पोचलेला असतो. नंबर गार्डचा पुकारतात, उशीर क्वार्टरबॅकचा.

आता दुसरं पान, म्हणजे मुख्यतः होल्डिंग. १० यार्ड मागे, मिळवलेले यार्ड रद्द, आणि स्वतःच्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या आपल्या टोकाच्या पट्ट्यात) झालं तर थेट सेफ्टी, समोरच्याला २ गुण. ‘होल्डिंग तर प्रत्येक प्लेला होतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. अर्धं खरं आहे. हात समोरच्याच्या खांद्यांच्या आत, छातीच्या चौकटीत असतील तर तिथली पकड चालवून घेतात. झेंडा पडतो तो समोरच्याला अडवून त्याची दिशा बदलल्यावर. ओढून वळवलं, खाली पाडलं, गळ्याभोवती हात अडकला, तो निसटून चाललेला असताना जर्सी ताणली गेली, असं काही. आणि ते बॉलच्या वाटेवर घडलं तर. बॉल उजवीकडे गेला आणि डाव्या टोकाला पकड झाली, तर बहुतेक पंच सोडून देतात.

कुस्ती बघणाऱ्याला हे लवकर कळेल. पाय जागेवर असतील तोवर हाताला काम कमी पडतं. पाय उशिरा पडले की माणूस हातानं धरतो. होल्डिंग हा पायांचा आजार आहे, हातात नुसता दिसतो. फिल्ममध्ये टॅकलच्या हातांकडे बघूच नका, पहिल्या दोन पावलांकडे बघा. पहिलं पाऊल मागे आणि किंचित बाहेर, छोटं. आतला पाय जमिनीजवळून सरकतो, कंबर बंद राहते. बाहेरून येणाऱ्याच्या धास्तीनं त्यानं कंबर लगेच बाहेर उघडली की आतली वाट मोकळी होते. समोरचा आत घुसतो, टॅकलचा बाहेरचा हात त्याच्या पाठीवर पडतो आणि मुठीत जर्सी येते. दुसरी खूण: डोकं गुडघ्यांच्या पुढे गेलंय का? गेलं असेल तर तो कमरेतून वाकून झेपावलाय, पाय मागे राहिलेत. समोरच्यानं हात झटकला की हा तोंडावर, आणि पडता पडता जे हाताला लागेल ते धरतो.

सरावात यावर टेनिसचे चेंडू मुठीत देऊन किंवा बॉक्सिंगचे हातमोजे घालून ब्लॉक करायला लावतात, म्हणजे पकडता येतच नाही आणि पायांना काम करावं लागतं. त्याचा फायदा होतो, पण हा महिन्यांचा खेळ आहे. वसंतातले १५ सराव आणि ऑगस्टचं शिबिर यांत पाय घडतात. मोसमात आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, त्यात बैठका, व्यायाम, समोरच्या संघाची तयारी सगळं बसवायचं. ऑक्टोबरमध्ये टॅकलची पावलं नव्यानं शिकवायला वेळ उरत नाही.

होल्डिंगचा एक प्रकार चाहत्यांना जवळजवळ कधीच दिसत नाही. क्वार्टरबॅक ‘पॉकेट’मधून, म्हणजे लाइननं त्याच्याभोवती राखलेल्या जागेतून, निघून पळतो तेव्हाचा. लाइनमनची पाठ क्वार्टरबॅककडे असते. तो निघालाय हे समोरच्या डिफेन्डरला दिसतं, लाइनमनला नाही. डिफेन्डर एकदम दिशा बदलतो, लाइनमनचे हात तिथंच, जर्सी हातभर ताणली जाते, पंचाच्या डोळ्यासमोर. चपळ आणि सारखा पळणारा क्वार्टरबॅक असलेल्या संघाला या झेंड्यांचा कर भरावाच लागतो. तुमच्या संघाचे होल्डिंग बघताना प्रत्येकासमोर लिहा: क्वार्टरबॅक तेव्हा जागेवर होता की सुटला होता? निम्मे सुटल्यावरचे निघाले तर लाइन कोचला हाकलून काही होणार नाही.

होल्डिंगचं तिसरं कारण म्हणजे समोरच्यांची अदलाबदल. डिफेन्सचा आतला गडी बाहेर जातो आणि बाहेरचा त्याच्यामागून वळसा घालून आत येतो. गार्ड आणि टॅकल एकाच खोलीवर, खांद्याला खांदा लागून असतील तर गडी एकमेकांना सोपवता येतात. टॅकल दोन पावलं मागे आणि गार्ड पुढे असेल तर दोघं एकमेकांवर आदळतात, वळसा घालून येणारा मोकळा सुटतो आणि त्याला उशिरा गाठणारा हात टाकतो. कबड्डीतली साखळी ज्यानं धरलीय त्याला वेगळं सांगायला नको: दोघांत एक पाऊल मागेपुढे झालं की चढाईवाला मधूनच निघतो.

इथंच ‘पोरं कच्ची आहेत’ वाल्यांचा मुद्दा येतो आणि त्यात तथ्य आहे, पण ते मोजायची रीत वेगळी. पाच जणांत चार जोड असतात. डावा टॅकल जखमी झाला आणि राखीव टॅकल आला तर एकच जोड नवा. पण राखीव कमकुवत म्हणून गार्डला टॅकलवर सरकवून नवा गार्ड आणला, तर दोन जोड नवे आणि दोन माणसं नव्या जागी. सेंटर बदलला तर दोन जोड तर गेलेच, वर समोरचा लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनमागचा गडी) ओळखून सगळ्यांना दिशा देणारा आवाजही नवा. अशा दोन-तीन आठवड्यांत पेनल्ट्या वाढणारच. कोचनं एका दुखापतीसाठी किती जोड मोडले, हा त्याच्याबद्दल विचारायचा खरा प्रश्न.

ट्रान्सफर पोर्टलनं (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीनं) हे अवघड केलंय. २०२१पासून पहिल्या बदलीनंतर आणि २०२४पासून कितीही बदल्यांनंतर लगेच खेळता येतं. रिसीव्हर (पास झेलणारा) जानेवारीत आणून सप्टेंबरमध्ये चमकवता येतो. लाइन तशी विकत आणून चालत नाही. कोलोराडोचा २०२३चा संघ जवळजवळ सगळा नव्यानं जमवलेला होता. सुरुवात ३-०, शेवट ४-८. त्यांचा क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्स ११ सामन्यांत ५२ वेळा सॅक झाला. स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० अशी आघाडी असताना ४६-४३ असे हरले, त्या रात्री पेनल्ट्या होत्या १७. उलट टोकाला आर्मी, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीचा संघ. पोर्टलमधून खेळाडू आणणं तिथं जवळपास अशक्य, पोरं आकारानं मोठ्या संघांपेक्षा लहान, पण वर्षानुवर्षं एकत्र सराव. सर्वोत्तम लाइनला मिळणारा जो मूर पुरस्कार २०२४मध्ये त्यांनी नेला. अर्थात आर्मी फेकते क्वचित, पळते जास्त, त्यामुळे पासच्या वेळच्या संरक्षणाची तुलना ताणू नये.

सॅकबद्दलही हेच. त्या ५२तले सगळे लाइनच्या माथी मारणं बरोबर नाही. सँडर्स बॉल फार वेळ धरायचा हे त्याच्या चाहत्यांनाही दिसत होतं. घड्याळ लावा. स्नॅपपासून अडीच-तीन सेकंदांत बॉल सुटायला हवा. त्याआधी सॅक झाला तर बहुधा दोष लाइनचा किंवा रनिंग बॅकचा (बॉल घेऊन पळणाऱ्याचा, पासच्या वेळी तोही अडवतो). नंतर झाला तर क्वार्टरबॅक, किंवा कुणीच मोकळं होत नसेल तर रिसीव्हर. पाच ब्लॉकर असताना सहा जण आले तर एक मोकळा सुटणारच. तो क्वार्टरबॅकच्या वाट्याचा, बॉल पटकन सोडून क्वार्टरबॅकनंच त्याला चुकवायचं असतं. आणि क्वार्टरबॅक किती मागे गेलाय ते पाहा. टॅकल समोरच्याला साधारण ७-८ यार्ड खोलीच्या मागून वळवून नेतो. क्वार्टरबॅक १० यार्ड मागे सरकला तर टॅकलनं बरोबर नेलेला गडी थेट त्याच्याच अंगावर जातो.

आतापर्यंतचं एका दमात: शांत घरच्या मैदानावरचे फॉल्स स्टार्ट कोचच्या खात्यात, परगावचे काउंटच्या, पळत्या क्वार्टरबॅकमागचं होल्डिंग त्याच्या खात्यात, पावलं चुकून झालेलं पोराच्या आणि त्याला घडवणाऱ्याच्या, जोड मोडल्यानंतरचे दोन-तीन आठवडे दुखापतीच्या.

मोसमाच्या मध्यात लाइन कोच बदलावा का? मी नको म्हणेन. नव्या माणसाबरोबर हाकांची भाषा बदलते, पावलं बदलतात, आणि पोरं विचार करत खेळायला लागतात. विचार करणारा लाइनमन अर्धा क्षण उशिरा निघतो, तो अर्धा क्षण मुठीत जर्सी घेऊन भरून काढतो. मोसमात बदलता येतं ते प्ले देणाऱ्याचं वागणं. अडचणीतल्या टॅकलच्या बाजूला टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) उभा करा, रनिंग बॅकला निघताना त्या एंडला धक्का देऊन जायला सांगा, पहिल्या डाउनला तीन पावलांचा झटपट पास द्या, क्वार्टरबॅकला कधी उजवीकडे सरकवून फेकायला लावा म्हणजे एंडला नेम धरता येत नाही. चार सामने हे काहीच न करता सात पावलांचे लांब पास बोलावले जात असतील, तर चाहत्यांनी राग चुकीच्या कोचवर काढलाय. हे प्ले बोलावणारा कोच बऱ्याचदा वर काचेआडच्या खोलीत बसलेला असतो.

राहिले रेफरी. आठ पंच असतात. अंपायर डिफेन्सच्या मागे, रेफरी आणि सेंटर जज ऑफेन्सच्या मागे. लाइनवर मुख्य नजर याच तिघांची. पथकं कॉन्फरन्स (विद्यापीठांच्या संघांचे गट) नेमतात आणि काही पथकं होल्डिंगला कडक, काही सैल, हे खरं आहे. चांगले संघ पंचांचं पथक कळलं की त्या आठवड्यात त्यावरही बोलतात. पण त्याच सामन्यात समोरच्या संघाच्या होल्डिंगचे झेंडे मोजा. दोघांचेही जास्त असतील तर पथक कडक होतं. सलग पाच सामन्यांत, पाच वेगळ्या पथकांपुढे, तुमचेच जास्त असतील तर पंचांना सोडा.

पुढच्या शनिवारी बघायची पद्धत अशी ठेवा. थेट सामन्यात कॅमेरा बॉलमागे जातो, तिथं लाइन दिसत नाही; एंड झोनमागून दाखवलेला रिप्ले आला की थांबवून बघा. प्रत्येक पास तीनदा. पहिल्यांदा फक्त सेंटर आणि दोन गार्ड, दुसऱ्यांदा टॅकलचे पाय, तिसऱ्यांदा क्वार्टरबॅकची खोली आणि घड्याळ. वहीत सहा रकाने पुरतात: क्वार्टर, डाउन आणि यार्ड, खेळाडूचा नंबर, झेंड्याचा प्रकार, क्वार्टरबॅक जागेवर होता की पळत, आणि आधीच्या प्लेला तोच लाइनमन मागे पडला होता का. सहावा रकाना विसरू नका. बरेचसे झेंडे त्या आधीच्या प्लेलाच ठरलेले असतात.